पाठीला पाठ

शालूताईंचा चेहरा मला नीट आठवत नाही. ज्या बाईच्या हाताखाली मी वर्षानुवर्षं दर रविवारी वरण वाढलं, तिच्यावर चार पानं लिहावीत म्हणून बसलो आणि पहिल्याच ओळीला गाडं अडलं. नाक कसं होतं? टिकली लावत होत्या की नव्हत्या? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मले काय विचारता? तुमीच तर जात होते न तिथं." खरं आहे. मीच जात होतो.

हात मात्र लख्ख आठवतो. उजवा. काळासावळा, मनगटाशी रुंद, दोन बोटं हळदीनं कायमची पिवळी. बांगड्यांत सेफ्टी पिनांचा झुबका. वरण शिजलं की त्या डाव्या तळहातावर थेंबभर घेऊन चाटायच्या आणि डोळे मिटायच्या. तेवढ्या वेळात आम्ही वाढपी श्वास रोखून उभे. मग निकाल लागायचा, "मीठ कमी. कोनाचं लक्ष कुठं होतं?" लक्ष बहुधा माझंच नसायचं.

तात्यापाऱ्यात, हिंदी मुलखातल्या आमच्या शहराच्या जुन्या मराठी मोहल्ल्यात, एका गल्लीच्या टोकाला आमच्या मराठी मंडळींचा जुना हॉल आहे. पूर्वी तिथं मुंजी, बारशी, साखरपुडे व्हायचे. आता लोकांना हिरवळ आणि पार्किंग लागतं, त्यामुळे हॉल ओस पडला होता. शालूताई वीज खात्याच्या तक्रार खिडकीवरून निवृत्त झाल्या आणि त्यांनी त्या हॉलची किल्ली मागून घेतली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, पेन्शन होती आणि आवाज होता. त्या आवाजावर त्यांनी तात्यापाऱ्यातल्या बारा घरचे बारा लोक कामाला लावले. कोणी तांदूळ दिले, कोणी गॅस, कोणी नुसतेच हात. मी त्या तिसऱ्या वर्गातला.

दुपारी दरवाजा उघडायचा. बाजारातले हमाल यायचे, सायकलरिक्शावाले यायचे, आजारी माणसाला घेऊन शहरात आलेले आणि इथंच अडकून पडलेले खेड्यापाड्यांतले लोक यायचे. घरात भांडी आहेत पण त्यांत घालायला काही नाही अशा बायका पदर ओढून यायच्या. वरण, भात, एक पालेभाजी, कांदा. पळसाच्या पत्रावळीवर. त्याला नाव काही दिलेलं नव्हतं. सगळे 'पंगत' म्हणायचे.

पण ती पंगत जगावेगळी होती. आपल्याकडे पंगत म्हणजे समोरासमोर. शालूताईंनी दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून बसवल्या होत्या. एका रांगेची तोंडं या भिंतीकडे, दुसरीची त्या भिंतीकडे. जेवणाऱ्याला समोर फक्त चुना दिसणार. आणि आम्हा वाढप्यांना कडक नियम : नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, आणि वाढताना पत्रावळीकडे पाहायचं, माणसाच्या तोंडाकडे नाही.

पहिल्याच दिवशी मी एका म्हाताऱ्याकडे पाहून हसलो. चांगुलपणानं हसलो होतो. शालूताईंनी मला मोरीपाशी नेलं.

"काहून हसला रे प्रकाश?"

"सहजच, ताई. त्यांना बरं वाटावं म्हणून."

"त्याले बरं वाटावं म्हून का तुले बरं वाटावं म्हून?" त्या म्हणाल्या. "भात पाहा भात. भाताले लाज नाही येत."

या नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही भोपळा चिरता चिरता. त्या लहान असताना वडील वारले. घरात चूल पेटायची पंचाईत. कुणीतरी सांगितलं म्हणून आई त्यांना घेऊन एका देवळात दुपारच्या प्रसादाला जाऊ लागली. काही दिवस पोटभर जेवल्या. मग एके दिवशी वाढणाऱ्या बाईनं वाकून नीट पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अवं, तू आमच्या मंदीच्या वर्गातली न?" बाई वाईट नव्हती. दोन पुऱ्या जास्तच वाढल्या तिनं. पण आईनं हात धरून उठवलं, आणि त्यानंतर त्या मायलेकी तिथं कधी गेल्या नाहीत.

"मंग काय खाल्लं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा लहानपणीच्या तात्यापाऱ्याला परत जायची.

"काही दिवस पानी," त्या म्हणाल्या. "चिर लवकर. हात चालव."

एकदा मी आता राहतो त्या शंकर नगरातले एक गृहस्थ वाढदिवसानिमित्त एक दिवसाचं जेवण द्यायला आले. सोबत फोटोग्राफर. त्यांना गरिबाच्या पानात वाढतानाचा फोटो हवा होता. मला वाटलं, ताई आता त्यांना हाकलणार. पण त्यांनी गोडीनं विचारलं, "वाढता येते न भैया तुमाले?" आणि हातात भाताचं घमेलं दिलं. "फक्त मान वर नाही कराची. आमचा नेम आहे." गृहस्थ वाकले. फोटोग्राफर या बाजूनं गेला, त्या बाजूनं गेला, शेवटी खुर्चीवर चढला. सगळ्या फोटोंत गृहस्थांचं टक्कल तेवढं सुरेख आलं. मागून आम्ही पोट धरून हसलो. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भात बरा वाढला पन त्यानं."

त्या आम्हालाच रागवायच्या, जेवणाऱ्याला कधी नाही. त्यांच्याशी बोलताना आवाज एकदम खाली यायचा, "अउ लेबे का दाई?" आणखी घेतेस का आई, असं त्यांच्याच बोलीत. तिकडून "हव दीदी" आलं की त्या पुन्हा वाकायच्या. शेवटच्या फेरीला स्वतः रांगेत, भिंतीकडे तोंड करून, त्याच पत्रावळीवर जेवायच्या. लग्नातलं उरलेलं कुणी पाठवलं तर दारातून परत. "उरलेलं खाले मी आहे न. त्याईले ताजं पायजे."

तर आम्ही माणसं हातांवरून ओळखायला लागलो. आमच्यातच त्या हातांची नावं पडली. मनगटावर बंद पडलेलं घड्याळ बांधणारे घड्याळवाले. कोपरापर्यंत गोंदलेली गोंदणवाली दाई. हिरव्या काचेच्या बांगड्यांची बाई. आणि खाचवाले. त्यांच्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं होतं. भात वाढला की ते आपल्या मराठी माणसासारखं त्यात वरणासाठी आळं करायचे, आणि मग आळ्याच्या कडेला अंगठ्यानं एक खाच पाडायचे. वरण आळ्यात भरलं की खाचेतून हळूच ओघळून भाजीपर्यंत जायचं. मी वरणाची बादली घेऊन पोचेपर्यंत त्यांची सगळी तयारी झालेली असायची. मला ते पाहायला फार आवडायचं. आपल्यातला कुणी मराठी माणूस इथं येऊन जेवतो याचं वाईट वाटायचं, पण त्या वाईट वाटण्यापुढे मी कधी गेलो नाही. नियमच होता. आणि खरं सांगायचं तर तो नियम मला फार सोयीचा होता. भाताकडे पाहून कुणाची झोप उडत नाही. तासभर मान खाली घालायची, हात धुवायचे आणि हलक्या मनानं शंकर नगरला परत यायचं.

मग एका रविवारी ती मुलगी आली.

दरवाजा नुकताच उघडला होता. खांद्याला पिशवी, हातात मोबाइल. शालूताई भाताच्या घमेल्याशी होत्या.

"ताई, माझे बाबा इथं जेवायला येतात का हो? भनपुरीच्या कारखान्यात होते. काम सुटलं तर घरी सांगितलंच नाही. फोनही बंद करून टाकला. मी सगळीकडे विचारून राहिली. त्यांचं नाव..."

"नाव नको सांगू बाई," ताई सवयीनं म्हणाल्या. "इथं नाव नाही चालत. फोटो दाखव."

फोटोत लग्नातला एक माणूस होता. फेटा, भरलेले गाल, मिशा. ताईंनी पाहिला, मला दिला, मी पुढे दिला. आम्ही सगळ्यांनी पाहिला. आणि एकामागून एक सगळ्यांनी माना हलवल्या. अगदी खात्रीनं. ताई म्हणाल्या, "नाही वं पोरी. असा मानूस आपल्याकडे येत नाही."

मुलीचा हात खाली आला. "चारची गाडी आहे," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

"जेवली का?" ताईंनी विचारलं. "बस मंग. उपाशी नको जाऊ."

ती बसली. मी वरण घेऊन तिच्यापाशी आलो. तिनं भातात आळं केलं होतं, आणि कडेला अंगठ्यानं एक खाच. अरे, हे तर आपल्या खाचवाल्यांसारखं, असं मनात आलं. मला गंमत वाटली. फक्त गंमत! वरण घातलं आणि पुढे गेलो.

रांग संपवून वळलो आणि मागच्या रांगेत वाढायला लागलो. मध्येच फाटक्या नखाचा अंगठा दिसला. खाचवाले नेहमीप्रमाणे उशिरा येऊन, मिळेल त्या जागी, भिंतीकडे तोंड करून बसले होते. आळं तयार, खाच तयार. मी वरण घातलं. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून, हातभरावरून, आवाज आला, "काका, थोडं वरण आणखी द्याल?"

समोरचा हात घासाशी थांबला. मी ते पाहिलं. हात पाहायचीच तर सवय होती मला. घास बोटांत तसाच राहिला आणि वरण खाचेतून ओघळत भाजीला जाऊन मिळालं. "आलो, आलो," असं त्या मुलीला सांगून मी उरलेली रांग पुरी केली, तिला वरण वाढलं, बादली भरून आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा खाचवाल्यांची जागा रिकामी होती. पत्रावळ तशीच भरलेली.

मुलगी जेवली, पत्रावळ उचलून टोपलीत टाकली, लांबूनच हात जोडले आणि गेली. मी मान खाली घालूनच "बरं" म्हणालो.

पंगत उठल्यावर ताईंचा आवाज आला. "कोनी टाकलं हे? आं? शितही नाही खाल्लं!" अन्न टाकलेलं त्यांना खपायचं नाही.

"खाचवाले होते, ताई. मधेच उठून गेले. कधी करत नाहीत असं. आणि गंमत म्हणजे ती पोरगी पण सेम अशीच खाच..."

माझं वाक्य तिथंच राहिलं. ताईंनी त्या पत्रावळीकडे पाहिलं, मग ती पोरगी जिथं बसली होती त्या जागेकडे पाहिलं. दोन्हींच्या मध्ये एक सतरंजीची पट्टी होती. बस्स, एवढंच अंतर.

"बाप होता," त्या म्हणाल्या. "प्रकाश, बाप होता तो तिचा. चाल."

खाचवाल्यांच्या मागे जायचं तर कुठं जायचं? ते कुठं राहतात हे विचारायचं नाही, हाच तर आमचा नेम. मुलीच्या गाडीची वेळ तेवढी ठाऊक होती. ताईंनी हळदीचे हात तसेच पदराला पुसले आणि ई-रिक्शात बसल्या. मी स्टेशनपर्यंत बोलत होतो, सापडेल हो, नक्की सापडेल. रिक्शावाल्याला घाई करायला सांगत होतो, जणू चूक त्याची होती.

स्टेशनात शिरलो आणि चौकशीच्या खिडकीशी गेलो. ताई म्हणाल्या, "भैया, एक लडकी के लिए अनाउन्स करना है."

"नाम बताइए," आतला माणूस म्हणाला.

आयुष्यभर तक्रार खिडकीत बसून लोकांना नाव विचारलेल्या त्या बाईपाशी आज सांगायला नाव नव्हतं. मागची माणसं ढकलायला लागली तशी मी त्यांना बाजूला घेतलं. "फलाटावर पाहू, ताई."

फलाटावर ही गर्दी. बाकांवर, गठड्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर पोरी बसलेल्या. पिशवी खांद्याला असलेल्या, मोबाइल हातात असलेल्या. ताई पहिल्या पोरीसमोर उभ्या राहिल्या. तिनं वर पाहिलं. ताई दुसरीकडे गेल्या. मग तिसरीकडे. आणि मग एकदम माझ्याकडे वळल्या.

"कशी होती रे दिसाले?"

मी तोंड उघडलं. गोरी? सावळी? चष्मा? केस कसे? मला तिची बोटं आठवत होती. करंगळीतली साधी अंगठी आठवत होती. आळं आठवत होतं. त्याच्या वर काहीच नव्हतं. इतकं रडकुंडीला येऊन एक लेकरू आपल्यासमोर उभं राहिलं, बापाचा फोटो दाखवला, आणि आम्ही फोटो पाहिला, तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही.

"ताई, मी... माझं लक्ष नव्हतं."

"माहं पन नव्हतं," शालूताई म्हणाल्या आणि तिथल्याच एका बाकावर बसल्या. गाडी आली, थांबली, भरली आणि गेली. तिच्या खिडक्यांतून कितीतरी पोरी आमच्याकडे पाहत होत्या. त्यांतली एक ती असणार.

खाचवाले पुन्हा कधी आले नाहीत. त्यांनी तिचा आवाज ऐकला होता, आणि लेकीनं आपल्याला या रांगेत पाहू नये म्हणून भरल्या पानावरून उठले होते. ताईंच्या आईसारखे. त्यांची लाज राखायलाच तर ताईंनी रांगा पाठीला पाठ लावल्या होत्या, आणि त्याच पाठींनी बापलेकीची ताटातूट केली. हे मी ताईंना कधी बोलून दाखवलं नाही. गरजच नव्हती. त्या भनपुरीला जाऊन आल्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. ट्रक उभे राहतात तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर विचारायच्या. पण काय सांगून विचारणार? नाव नाही, तोंड माहीत नाही. "जो चावल में ऐसा गड्ढा बनाता है," असं त्या हातानं करून दाखवायच्या. लोक त्यांना वेडी समजून चहा द्यायचे.

पुढच्या रविवारी गेलो तर सतरंज्या फिरवलेल्या होत्या. समोरासमोर. ताई म्हणाल्या, "आजपासून तोंड पाहून वाढा. कोनी आपून नाव सांगतलं तर ऐका, ध्यानात ठेवा." आम्ही माना वर केल्या आणि अवघडलो. ते आमच्याहून जास्त अवघडले. भराभर घास गिळायला लागले. हिरव्या बांगड्यांच्या बाईसमोर नेमकी तिच्याच गल्लीतली कुणी येऊन बसली. तिनं पदर नाकापर्यंत ओढला, कशीबशी जेवली, आणि मग आलीच नाही.

तिची जागा रिकामी दिसली तेव्हा ताईंनी तिथं मांडलेली पत्रावळ उचलली. मग म्हणाल्या, "पाहिलं तरी पाप, नाही पाहिलं तरी पाप. मानसानं करावं तरी काय रे?"

मी वरणाची बादली उचलली आणि पुढच्या पानाकडे गेलो.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. सतरंज्या परत पाठीला पाठ लावल्या, आणि स्वतः दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या. आत जाईल त्याची लाज आत राखली जाईल, पण दारातून जाणारा एकही चेहरा आपल्या नजरेतून सुटणार नाही, असा तो हिशेब होता. पुष्कळ दिवस टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घेतलं. काळा चष्मा लावून बसलेल्या पाहून घड्याळवाले म्हणाले, "दीदी हीरोइन बन गई." त्यांचं नाव रामाधार आहे हे ताईंनीच मला सांगितलं.

गुडघ्यांनी दगा दिला, वाढणं सुटलं, तरी खुर्ची सुटली नाही. आम्ही बाहेर आलो की त्या आमची परीक्षा घ्यायच्या. "आता निळं लुगडं नेसून गेली तिच्या डोळ्याखाली काय होतं?" "काहून लंगडून राहिला होता तो?" मी नेहमी नापास. मग त्याच सांगायच्या, तीळ होता, नवी चप्पल चावत होती. आणि पुन्हा रस्त्याकडे पाहायच्या. त्या कुणाला शोधत होत्या हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. न पाहिलेल्या चेहऱ्याला कसं शोधणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या गेल्यावर हॉलमध्ये लावायला फोटो हवा म्हणून आम्ही हुडकला. मिळाला नाही. त्या स्वतःचा काढू देत नसत आणि त्या टकलाच्या फोटोंनंतर पंगतीत फोटोला बंदीच होती. भिंतीवरची ती जागा अजून तशीच आहे. आणि खालच्या रांगांत मी अजून वरण वाढतो. मान वर करायची ठरवून जातो, पण पत्रावळीपाशी पोचलो की ती आपोआप खाली जाते.

ताईंना शेवटचं पाहिलं तो रविवारच होता. मी पोचलो तेव्हा त्या खुर्चीवर होत्या, उन्हासाठी तोच पिवळ्या बोटांचा हात कपाळाशी धरलेला.

"आला का? सांग बरं," त्या म्हणाल्या, "मी आज कशी दिसून राहिली?"

थट्टेनं विचारलं असावं. निदान आवाज तसा होता. मी हसत हसत मान वर केली. हाताची सावली त्यांच्या तोंडावर पडली होती. मी नीट पाहण्यासाठी एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, "वरण! वरण कुठं अडलं?"

"आलोच, ताई," मी म्हणालो, आणि मान खाली घालून आत गेलो.